चकलीचे डोळे आणि वजनकाटा

"आमच्या चकलीला बहुतेक दिसत नाही." तुमच्या पत्राचं पहिलं वाक्य मला दोनदा वाचावं लागलं. मग कळलं की चकली म्हणजे सहा वर्षांची लेपर्ड गेको, पाळीव पालीची एक जात. झोपताना अंगाचं वेटोळं करते, म्हणून मुलाने ठेवलेलं नाव. गेले दोन महिने चिमट्यात धरलेली अळी नाकासमोर असूनही ती बोटभर बाजूला हवेत चावते. सकाळी डावा डोळा मिटलेला असतो. पाण्याच्या वाटीला धडकते. दुकानदाराने माणसांच्या डोळ्यांत घालायचे थेंब सुचवले. एका ओळखीच्यांनी "आंधळं जनावर ठेवणं म्हणजे क्रूरपणा, कायमचं झोपवून टाका" असं सांगितलं. आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना पाल मुळात घरातच नको आहे.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, तेव्हा आमचा जीव गाई-म्हशी आणि कोंबड्यांमध्येच अडकलेला असायचा. पाली, सरडे, कासवं तपासायला शिकले ती इथे इंग्लंडमध्ये, आणि आता सतरा वर्षं तेच करते आहे. या काळात एका डोळ्याच्या, दोन्ही डोळे गेलेल्या, जन्मतःच डोळे नीट न झालेल्या बऱ्याच गेको पाहिल्या. तेव्हा आधी मुद्द्याचं सांगते. चकलीला झोपवावं असं तुमच्या पत्रात काहीही नाही. थेंबांची बाटली मात्र आज कपाटात परत ठेवा. का, ते पुढे येईलच.

आधी खात्री करून घेऊ की दोष डोळ्यांचाच आहे. चावा चुकतो म्हणजे दिसत नाही, हा निष्कर्ष फार पटकन काढला जातो. कॅल्शियम कमी पडलं की जबडा मऊ होतो, पाय थरथरतात आणि झेप चुकते. टँकची उबदार बाजू पुरेशी उबदार नसेल, तर ती इतकी मंद होते की आंधळी वाटावी. आणि तिसरं कारण रक्तातलं. लेपर्ड गेकोच्या रंगांचे जे नाना प्रकार पैदास करून काढलेत, त्यात 'एनिग्मा' नावाचा एक प्रकार आहे. त्यातल्या अनेकींना मज्जासंस्थेचा विकार असतो. मान वाकडी करतात, एकाच दिशेला गोल गोल फिरतात, भक्ष्यावर नेम धरतात आणि भलतीकडेच चावतात. त्यांचे डोळे ठीक असतात, बिघाड मेंदूत असतो. चकलीच्या खरेदीची पावती किंवा पैदास करणाऱ्याचा निरोप अजून जपून ठेवला असेल, तर तिचा प्रकार काय लिहिला आहे ते बघा. तुम्ही तिला "फिकट नारंगी, डोळे गुलाबीसर" म्हटलंय, त्यावरून ती अल्बिनो, म्हणजे अंगात काळं रंगद्रव्य नसलेली, असावी असा माझा अंदाज आहे. ते खरं असेल, तर उजेडाचा मुद्दा तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाचा.

घरी करता येईल अशी एक साधी परीक्षा आहे. संध्याकाळी, दिवे मंद असताना, ती जागी होऊन बाहेर आली की काचेच्या बाहेरून चिमट्यात अळी धरून हळूहळू हलवा. काचेच्या बाहेरूनच, कारण आत हात घातला की वास, हवेची झुळूक आणि चिमट्याचा आवाज या तिन्ही गोष्टी तिला खबर देतात आणि तुम्हाला वाटतं तिने पाहिलं. मान अळीच्या मागे वळते का? आधी एका बाजूने बघा, मग दुसऱ्या. तीन-चार संध्याकाळी करा. एक दिवस लक्ष दिलं नाही, तर तिचं पोट भरलेलं असू शकतं. उजव्या बाजूने मान वळते आणि डाव्या बाजूने नाही, असं झालं तर एक डोळा शाबूत आहे आणि तुमचं काम निम्म्याने सोपं झालं. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, त्यामुळे बोटभर बाजूला चावणं हे एका डोळ्याच्या गेकोचंही लक्षण असतं.

आता डोळा. लेपर्ड गेको ही पालींच्या जगात जरा वेगळी. आपल्या घरातल्या भिंतीवरच्या पालीला हलणारी पापणी नसते. तिच्या डोळ्यावर काचेसारखं पारदर्शक आवरण असतं आणि ती ते जिभेने चाटून साफ करते. लेपर्ड गेकोला मात्र आपल्यासारख्या उघडझाप करणाऱ्या पापण्या आहेत. तिच्या कुळाच्या शास्त्रीय नावातच पापणीचा उल्लेख आहे. या पापण्या म्हणजे तिचं वैभव आणि तिची डोकेदुखीही, कारण पापणीच्या आतल्या खोबणीत गोष्टी अडकतात.

सगळ्यात जास्त अडकते ती कात. मोठी गेको साधारण महिना-दोन महिन्यांनी कात टाकते आणि खाऊन टाकते. टँक कोरडा असेल तर बोटांच्या टोकांवर आणि पापण्यांच्या कडेला कातीचे तुकडे राहतात. पापणीच्या आत राहिलेला तुकडा बाहेरून दिसत नाही. पुढच्या कातीच्या वेळी त्यावर दुसरा थर, मग तिसरा, आणि सहा महिन्यांत पापणीखाली चण्याच्या डाळीएवढा पिवळट गोळा तयार होतो. त्याला आम्ही बोलताना 'चीज' म्हणतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा वाहत नाही, तो घट्ट होतो. म्हणून डोळ्यातून काही गळत नाहीये, म्हणजे संसर्ग नाही, असं समजू नका. सकाळी मिटलेला डावा डोळा मला या बाजूला सर्वाधिक खुणावतो.

दुसरा संशयित जीवनसत्त्व अ. तुम्ही लिहिलंय की किड्यांवर फक्त कॅल्शियमची पावडर घालता, दुसरं काही नाही. नुसत्या पिठातल्या अळ्या आणि रातकिडे यांच्यात हे जीवनसत्त्व फारच थोडं असतं. ते कमी पडलं की डोळ्याभोवतीच्या ग्रंथींचं आतलं अस्तर जाड आणि कोरडं होत जातं, अश्रू नीट येत नाहीत, कात सुटत नाही आणि पापणीखाली पुन्हा तोच कचरा. म्हणजे दोन्ही कारणं बहुतेकदा हातात हात घालून येतात. नुसता गोळा काढला आणि आहार तोच ठेवला, तर तीन महिन्यांनी तुम्ही पुन्हा दवाखान्यात. आपल्याकडे डोळे म्हटलं की गाजर आठवतं. गाजर किड्यांना जरूर खायला घाला, पण त्यावरच विसंबू नका. तयार जीवनसत्त्व अ असलेली सरपटणाऱ्या प्राण्यांची मल्टिव्हिटामिन पावडर आणा आणि आठवड्यातून एका जेवणाला लावा. रोज नको. हे जीवनसत्त्व यकृतात साठतं आणि जास्त झालं की कातडी सोलवटते. जीवनसत्त्वाचं इंजेक्शन घरी कुणी सुचवलं, तर त्या माणसाशी बोलणं थांबवा.

बाकीची कारणं थोडक्यात. वाळू किंवा अक्रोडाच्या टरफलांचा भुगा जमिनीवर असेल तर कण डोळ्यात जाऊन बुबुळावर ओरखडा पडतो. मोकळे सोडलेले रातकिडे रात्री भुकेने गेकोलाच चावतात, पापणीलाही. मोतीबिंदू होतो, तो वयाने किंवा जखमेनंतर. काही रंगप्रकारांत डोळा जन्मतःच लहान किंवा सदोष असतो. आणि अतिनील किरणांचा दिवा फार जवळ किंवा फार तीव्र असेल तर डोळ्याचा पुढचा पडदा भाजतो. तुमच्याकडे तो दिवाच नाही, म्हणून ते कारण बाद.

आता ते थेंब. माणसांच्या अनेक थेंबांमध्ये स्टेरॉइड असतं. बुबुळावर जखम असताना स्टेरॉइड घातलं, तर जखम भरायची थांबते आणि खोल जाते. जखम आहे की नाही हे उघड्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी डॉक्टर हिरवा चमकणारा रंग डोळ्यात घालून निळ्या दिव्याखाली बघतात. ते केल्याशिवाय दिलेले थेंब म्हणजे अंधारात सोडलेला बाण. मी असा एक डोळा काढलेला आहे, जो थेंब नसते तर वाचला असता.

तेव्हा या आठवड्यात सरपटणारे प्राणी नेहमी बघणाऱ्या डॉक्टरची वेळ घ्या. कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर मनाने कितीही चांगला असला, तरी विचारून घ्या की महिन्याला किती पाली बघता. त्यांनी काय करावं अशी अपेक्षा ठेवायची, तेही सांगते. भिंगातून दोन्ही डोळे आणि तोंडाचा आतला भाग बघणं, हिरवा रंग घालून जखम शोधणं, पापण्यांच्या आत बारीक नळीने सलाइन सोडून धुणं आणि विष्ठेची तपासणी. विष्ठा कशाला, असं वाटेल. पण न खाणाऱ्या गेकोमध्ये आतड्यातले परजीवी सापडले, तर डोळ्यांचा अर्धा गोंधळ आपोआप उलगडतो. नेताना छोट्या प्लास्टिकच्या डब्यात किचन टॉवेल घालून, डबा कोटाच्या आत धरून न्या. सोबत टँकचे फोटो, पावडरींचे डबे आणि दोन दिवसांतली विष्ठा घ्या. डॉक्टर जे प्रश्न विचारतील, त्यांतले निम्मे त्या फोटोंत सुटतात.

वेळ मिळेपर्यंत घरी एवढंच करा. झाकणाला भोकं असलेल्या डब्यात कोमट पाण्याने ओला करून पिळलेला किचन टॉवेल घाला, टँकच्या उबदार बाजूला ठेवा आणि तिला वीस मिनिटं त्यात बसू द्या. नंतर कोऱ्या निर्जंतुक सलाइनचे दोन थेंब डोळ्यावर. त्यात औषध नको, काही नको. पापणीच्या कडेला कातीचा तुकडा सुटून लोंबत असेल, तर सलाइनने भिजवलेला कापसाचा बोळा नाकाकडून कानाकडे हलकेच फिरवा. आला तर आला. चिमट्याने ओढायचं नाही. मी हे पत्रात दोनदा लिहिलं असतं, तरी चाललं असतं.

इथपर्यंतचं काम डॉक्टरचं. पुढचं तुमचं, आणि ते वर्षानुवर्षांचं आहे. लेपर्ड गेको पाळलेल्या अवस्थेत पंधरा-वीस वर्षं सहज जगते. समजा चकलीची नजर परत आलीच नाही, तर पुढची दहा-बारा वर्षं ती कशी जगेल, हे डोळ्यांपेक्षा तुमच्या टँकवर अवलंबून आहे.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात दोन्ही डोळे काढलेल्या एका नर गेकोच्या मालकिणीला मी मोठ्या हुशारीने सांगितलं की त्याचा टँक सोपा करा. दगड काढा, गुहा काढा, सपाट, मोकळी, धडकायला काही नाही अशी जागा करा. तिने तसंच केलं. पठ्ठ्याने एकवीस दिवस काही खाल्लं नाही. कोपऱ्यात नाक खुपसून बसायचा. शेवटी तिनेच, मला न विचारता, जुने दगड आणि जुनी गुहा होत्या तिथे परत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी तो वाटीपाशी आला. मी ज्याला अडथळे म्हणत होते, ते त्याचे रस्ते होते. कोकणातल्या घरात वीज गेल्यावर आजी कशी माजघरातून विहिरीपर्यंत कशालाही न धडकता जायची, तसं. तिला दिसत नसायचं, पण उंबरा कुठे आहे ते माहीत असायचं. आणि कुणी मधे पाट ठेवला, की मग आरडाओरडा.

तेव्हा चकलीच्या टँकमध्ये कुठलीही वस्तू हलवायची नाही. साफ करताना मोबाइलवर फोटो काढा आणि तंतोतंत तसंच परत लावा. सगळं एकाच दिवशी धुऊन चकचकीत करू नका. तिच्या वासाच्या खुणाही पुसल्या जातात. आज गुहा धुतली, तर जमिनीचे कागद पुढच्या आठवड्यात बदला. नवीन टँक घ्यायचा विचार असेल, तर तो डोळ्यांचं दुखणं पूर्ण शमेपर्यंत पुढे ढकला.

बदल सुचवायचेच, तर ते बहुतेक भर घालण्याचे. जेवणाची जागा ठरवा आणि तिथे पायाला वेगळी लागेल अशी सपाट, खडबडीत फरशी कायमची ठेवा. बाकी जमिनीवर किचन पेपर किंवा बारीक पोताची चटई, आणि जेवणाच्या ठिकाणी दगडी फरशी. काही आठवड्यांत पाय फरशीला लागले की जीभ बाहेर येते. पाण्याची वाटी जिथे आहे तिथेच, पण उथळ. तिच्या हनुवटीपेक्षा खोल नको. उंचावरची फळी किंवा उभं लाकूड असेल, तर तेवढं मात्र काढा. पडणं हा धडकण्यापेक्षा मोठा धोका.

उबेबद्दल काटेकोर राहा. उबदार गुहेच्या आत जमिनीचं तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजू २२ ते २५. टँकखालच्या हीट मॅटला, म्हणजे विजेवर तापणाऱ्या चटईला, तापमान आवरणारा थर्मोस्टॅट हवाच. तुमच्याकडे तो नाही, असं दिसतंय. ही वीस-तीस पौंडांची वस्तू डोळ्यांच्या सगळ्या औषधांच्या आधी आणा. नजर अधू असलेली गेको सुरक्षित वाटणारी जागा सोडायला तयार नसते आणि थर्मोस्टॅट नसलेल्या मॅटवर तशीच पडून राहिली, की पोट भाजतं. उबदार आणि थंड बाजूच्या गुहांखेरीज तिसरी गुहा मधल्या भागात ठेवा, आत कायम ओलसर मॉस (शेवाळ). कात टाकायची वेळ आली की ती आपण होऊन तिथे जाईल. अंग पांढुरकं, धुरकट दिसू लागलं की समजा कात आली, आणि त्या दिवसांत मॉस कोरडं पडू देऊ नका.

टँकवर रात्री लावता तो लाल दिवा काढून टाका. दुकानात सांगतात की पालींना लाल उजेड दिसत नाही. इतकं साधं नाही ते. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २००४ साली एका निशाचर गेकोवर प्रयोग करून दाखवलं की अंधुक चांदण्यात, जिथे आपल्याला सगळं करडं दिसतं, तिथेही ती रंग ओळखते. तिच्या डोळ्यांची रंग टिपण्याची क्षमता आपल्या ३५० पट असल्याचं त्यांचं गणित होतं. इतक्या नाजूक उपकरणाला रात्री रात्रच हवी. दिवसा बारा तास सौम्य उजेड, रात्री काळोख. रात्री खोली फारच थंड होत असेल, तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा. चकली अल्बिनो असेल, तर दिवसाच्या दिव्याखालीही सावलीच्या दोन-तीन जागा हव्यात. अल्बिनो गेको भर उजेडात डोळे मिटून बसते आणि मालकाला वाटतं आंधळी झाली. मंद उजेडात पुन्हा बघितलं तर दोन्ही डोळे टक्क उघडे.

आता खाणं, ज्यात तुमचा सगळा जीव अडकलाय. गेको डोळ्यांनी शिकार हेरते, पण तोंडाशी आलेली वस्तू खायची की नाही हे जीभ आणि टाळूतलं वास ओळखणारं इंद्रिय ठरवतं. आपण पहिला टप्पा सोडून तिला थेट दुसऱ्यावर आणायचं.

चिमटा रबरी टोकांचा घ्या. धातूच्या टोकावर ती चावली, तर जबड्याला लागतं आणि ती चिमट्याला घाबरायला लागते. जेवण नेहमी एकाच वेळी, दिवे मंद झाल्यावर. आधी फरशीवर चिमट्याने दोनदा टकटक करा. हीच तिची घंटा. गेकोला ऐकू चांगलं येतं. मग अळीचं डोकं चिमट्यानेच चिरडा, म्हणजे वास सुटेल. मन घट्ट करावं लागतं, मान्य आहे. पहिल्यांदा हे काम मुलाला सांगू नका. ती अळी समोरून नाकावर न आणता, ओठाच्या बाजूला हलकेच टेकवा आणि तिथेच स्थिर धरा. हलवू नका. दिसणाऱ्या गेकोला हालचाल हवी असते, न दिसणाऱ्या गेकोला ठाव हवा असतो. अळी नाचवली, की ती पुन्हा हवेत चावणार आणि दोन-तीनदा फसली, की त्या संध्याकाळी नाद सोडून देणार. जीभ बाहेर येऊन अळीला लागली की तुम्ही जिंकलात, पुढचं ती करते.

पहिले आठ-दहा दिवस तसंही होणार नाही. मग अळीचा रस ओठांच्या कडेला लावा. ती चाटते. चाटताना दुसरी अळी पुढे करा. तोंड बळजबरीने उघडायचं नाही. जबडा नाजूक असतो आणि विश्वास त्याहून. चिमट्याने जमलं, की हळूहळू वाटीकडे वळा. फरशीवर उभ्या, गुळगुळीत कडांची चिनी मातीची बुटकी वाटी, जीत अळ्या चढून बाहेर येणार नाहीत. वाटीत अळ्या वळवळतात त्याची खसखस तिला ऐकू येते. माझ्या बऱ्याच आंधळ्या रुग्ण सहा-आठ आठवड्यांत वाटीतून स्वतः खायला लागल्या. काही कधीच लागल्या नाहीत आणि आयुष्यभर चिमट्याने जेवल्या. त्यांचे मालक सुट्टीवर जाताना शेजाऱ्यांना चिमट्याचं प्रशिक्षण देऊन जातात.

काय खायला द्यायचं? डुबिया जातीची झुरळं मला सर्वांत आवडतात, कारण ती संथ असतात आणि मांसल. रेशमाच्या अळ्याही उत्तम, मऊ आणि ओलसर. पिठातल्या अळ्या चालतील, पण रोज त्याच नकोत. मेणकिड्याच्या अळ्या म्हणजे गुलाबजाम. आजारातून उठलेल्या जनावराला एखादी द्या, सवय लावू नका. रातकिडे तिच्यासाठी आता बंद. ते उड्या मारतात, तिच्या हाती लागत नाहीत आणि रात्री उलट तिलाच कुरतडतात. द्यायचेच तर मागचे पाय काढून, चिमट्याने, आणि एकही टँकमध्ये उरता कामा नये. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, पालेभाजी खाऊ घाला. त्यांच्या पोटात जे असेल, तेच तिच्या पोटात जाणार.

मोठ्या गेकोला दर दोन-तीन दिवसांनी पाच-सहा किडे पुरतात. ती चार दिवस जेवली नाही म्हणून तुम्ही रात्री दोनला मेल लिहिलात, ते वाचून हसू आणि दया दोन्ही आलं. धडधाकट, जाड शेपटीची गेको काही आठवडे उपाशी राहू शकते. शेपटी हे तिचं कोठार, चरबी तिथे साठते. म्हणून रोज डोळे बघत बसू नका, वजन बघा. ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा घ्या, त्यावर प्लास्टिकचा डबा ठेवून शून्य करा आणि दर रविवारी, जेवणाआधी, तिला डब्यात बसवा. आकडा फ्रिजवर लावलेल्या कागदावर लिहा. मोठी मादी बहुधा ५० ते ८० ग्रॅमच्या मधे कुठेतरी असते, पण तिचा स्वतःचा नेहमीचा आकडा कोणता, ते महत्त्वाचं. त्यातून दहा टक्के घट झाली, म्हणजे ६० ग्रॅमची ५४ वर आली, की वाट न बघता दवाखाना. एखादा ग्रॅम इकडेतिकडे होतो तो विष्ठेचा आणि पाण्याचा. शेपटी मुळाशी बारीक होऊन कंबरेची हाडं दिसू लागली, तर काट्याचीही गरज नाही.

ज्या दिवशी ती चिमट्यावर चुकत होती, त्या दिवशी तिचं वजन किती होतं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. मला सगळ्यात आधी तेच हवं होतं.

हाताळण्याबद्दल मुलाला सांगा. वरून हात आणायचा नाही. वरून येतं ते घार किंवा घुबड. आधी बोलायचं, मग फरशीवर टकटक, मग तळवा जमिनीला टेकवून तिच्या पुढ्यात ठेवायचा आणि ती वास घेऊन चढेपर्यंत थांबायचं. चढली नाही, तर आज भेट नाही. घाबरलेली गेको शेपटी टाकते. ती पुन्हा येते, पण साठवलेली चरबी गेली ती गेली, आणि नजर नसलेल्या गेकोला तो तोटा परवडत नाही.

एक बाजूची सूचना, कारण तुमच्या मैत्रिणीकडे क्रेस्टेड गेको आहे असं लिहिलंय. तिला यातला कात सोडवण्याचा भाग सांगू नका. क्रेस्टेडला पापण्या नसतात, वर सांगितलं तसं पारदर्शक आवरण असतं, आणि ते कात समजून सोलायला गेलं, तर डोळाच जातो. मात्र तिला दिसेनासं झालं, तर तिचं तुमच्यापेक्षा सोपं आहे. ती फळांची तयार पावडर पाण्यात कालवून खाते, आणि वाटी वासाने सापडते.

क्रूरपणाचा प्रश्न तुम्ही विचारलात, म्हणून सरळ उत्तर. मी गेकोला झोपवलं आहे, पण फक्त आंधळी म्हणून एकदाही नाही. दुखणं थांबवता येत नसेल, वजन उपचारांनंतरही उतरतच राहत असेल, किंवा मज्जासंस्थेचा विकार इतका वाढला असेल की ती उलटी पडून सरळ होऊ शकत नाही, तर त्या निर्णयाची वेळ येते. डोळा दुखत असेल आणि वाचणार नसेल, तर तो काढता येतो. ऑपरेशननंतर मालक रडतात. गेको मात्र आठवड्याभरात फरशीवर जेवायला येते, कारण बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच तिला ठणका नसतो.

राहता राहिल्या सासूबाई. पंचांगात पाल अंगावर कुठे पडली की काय फळ मिळतं, याचं अख्खं कोष्टक असतं, आणि त्यांची धास्ती तिथली आहे. त्यांना सांगा की चकली भिंतीवर चढूच शकत नाही. तिच्या बोटांना घरातल्या पालीसारख्या चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, नखं आहेत. त्यामुळे अंगावर पडायचा प्रश्न उद्भवत नाही. हेही सांगा की ती परदेशी नसून भाऊबंदांपैकीच आहे. याच कुळातल्या पाली महाराष्ट्राच्या रानातही आहेत आणि सातपुड्यातल्या एकीला तर २०१४ साली स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं. त्या रानातच राहू द्यायच्या, सुट्टीत गावाहून आणायच्या नाहीत. मुलाच्या कानावर हे घातलेलं बरं.

आणि वजनकाटा वेगळा विकत घ्या. सासूबाई शंकरपाळ्यांचा मैदा ज्याच्यावर मोजतात, तो नको. पालींच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, म्हणून तिला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे आणि तिची कुठलीही वस्तू स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायची नाही. काट्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत 'चकली' लिहून ठेवा. दिवाळीत गोंधळ होईल, म्हणून खाली 'पाल' असंही लिहा.